पिवळा चौकोन

कॅमेऱ्यातला चौकोन पिवळा झाला तेव्हा रत्नमाला स्वयंपाकघरात कढी ढवळत होती, आणि मल्हारी दचकला तो नेमका त्यामुळेच. ती समोर असती तर चौकोन पिवळा व्हायलाच हवा होता. त्यासाठीच तर दोन दिवसांपूर्वी त्यानं बायकोचा चेहरा कॅमेऱ्यात भरून ठेवला होता. पण आज मायची तिथी, आणि समोर उभा होता देवगाव रंगारीहून आलेला धाकटा भाऊ हनुमान, त्याची बायको भामाबाई, आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, चंदनाच्या हारात माय. हनुमानच्या डोळ्यांवर पांढरा चौकोन. भामाबाईच्या डोळ्यांवर पांढरा. आणि सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेल्या मायच्या, सखूबाईच्या डोळ्यांवर पिवळा, घट्ट बसलेला. मल्हारीनं कॅमेरा खाली घेतला, लेन्स शर्टाच्या टोकानं पुसली (आयुष्यभर स्टुडिओतल्या पोरांना लेन्स शर्टानं पुसू नका म्हणून दम देणारा माणूस) आणि पुन्हा डोळ्याला लावला. पिवळाच.

"दादा, काय झालं?" हात जोडून ताटकळलेल्या हनुमाननं विचारलं. "काय नाय, बॅटरी उतरली," मल्हारी म्हणाला. बॅटरी भरलेली होती. "मग निघाला का फोटू?" "निघाला." तोही निघाला नव्हता. एका मिनिटात दोनदा खोटं बोलून झालं आणि मल्हारीच्या लक्षात आलं, की ही तर नुसती सुरुवात आहे.

कॅमेरा त्याचा नव्हता. कंपनीनं शहरातल्या पाच फोटोग्राफरांना आपला नवा कॅमेरा आठ दिवस वापरायला दिला होता. लग्नात, बारशात, जिथं न्यायचा तिथं न्या, आणि रविवारी जालना रोडवरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये या, सगळ्यांसमोर सांगा कसा वाटला. टीव्ही सेंटरजवळ स्टुडिओ असलेल्या मल्हारीला बोलावलं ते जुना माणूस म्हणून. जुना माणूस चांगलं म्हणाला की नवी पोरं डोळे झाकून विकत घेतात, हा हिशेब त्याला कळत होता. कळत असूनही कॅमेरा हातात आला तेव्हा तो हरखला होता, हे खोटं कशाला सांगायचं. वजन किती कमी. डोळा लावला की फोटो काढायच्या आधीच फोटो दिसतो, उजेड कमी पडला की तिथंच कळतं. आणि आवाज नाही. बटण दाबा, खटका नाही, काही नाही. सोमवारच्या साखरपुड्यात याची गंमत झाली होती: फोटो निघून गेला तरी मंडळी छाती फुगवून तशीच उभी, कुणाला सुटल्याचं कळेचना. शेवटी मल्हारीलाच हात हलवून सांगावं लागलं, झालं, सुटा आता. एवढी वर्षं त्या खटक्यानंच लोकांना मोकळं केलं होतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चेहरे भरायचं कंपनीच्या माणसानं शिकवलं होतं. घरच्यांचे चेहरे त्यात साठवून ठेवा काका, मग गर्दीत शंभर माणसं असू द्या, कॅमेरा आपलं माणूस आधी धरतो. परक्यावर पांढरा चौकोन, आपल्यावर पिवळा. मुलगी सुकेशनी पुण्यात नोकरीला. घरात उरली रत्नमाला. रविवारी त्यानं तिला खिडकीशी बसवून तिचाच चेहरा भरला, आणि मग ती घरभर फिरली. ओट्याशी गेली, तुळशीशी गेली, शेजारच्या वच्छलाबाईंच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि जाईल तिथं पिवळा चौकोन तिच्यामागं. सत्तेचाळीस वर्षांची बाई पोरीसारखी हसली. "एवढ्या बायांत माझ्यावरच व्हय?" म्हणाली. तिला कुणी आधी निवडलंय असं तिच्या आयुष्यात फारसं घडलं नव्हतं, आणि ते ज्याच्यामुळं घडलं नव्हतं तो कॅमेरा धरून समोर उभा होता.

जेवणं झाल्यावर हनुमान सोफ्यावर लवंडला, बायका भांड्यांना लागल्या, आणि मल्हारी पुन्हा फोटोसमोर उभा राहिला. डावीकडून पिवळा. उजवीकडून पिवळा. पडदा ओढला तरी पिवळा. एका परीनं पाहता त्यात नवल काहीच नव्हतं. सुनेचा चेहरा भरलेला कॅमेरा सासूवर पिवळा होतो, याचं कारण जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि दुसरा ज्याला ठाऊक होतं तो उस्ताद कधीच खुलताबादच्या मातीत जाऊन झोपला होता.

उस्तादचा स्टुडिओ सिटी चौकाच्या आतल्या बोळात होता. मेंढरांमागं न जाता शहरात पळून आलेला मल्हारी तिथं काम शिकला. लग्नाचे, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो सगळेच काढत. उस्तादचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. त्या काळी खेड्यापाड्यात माणूस मरायचा आणि मग घरच्यांच्या ध्यानात यायचं, की याचा एकही फोटो नाही. मग घरचं कुणीतरी सायकलवर यायचं, फोटोग्राफरला घेऊन जायचं, मुडद्याला उशीला टेकवून धरायचे, आणि शेवटचा फोटो निघायचा, मिटल्या डोळ्यांचा. भिंतीवर मिटल्या डोळ्यांचा बाप कुणालाच नको असतो. उस्ताद ते डोळे उघडून द्यायचा. त्याच्याकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात कागदी पुड्या, आणि पुड्यांत डोळे: म्हाताऱ्यांचे, बायांचे, पोरांचे, डावीकडून उजेड आलेले, समोरून उजेड आलेले. गिऱ्हाइकांच्या जुन्या फोटोंतून ब्लेडनं कापलेले. मापाची जोडी निवडायची, मिटल्या पापण्यांवर चिकटवायची, कडा ब्रशनं मिटवायच्या, बारीक पेन्सिलीनं वय चढवायचं, आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. आठ दिवसांनी घरचे येत, फोटो बघत आणि ढसाढसा रडत, हाच, अगदी हाच, बघतोय बघा कसा. सोयगावच्या एका पाटलाच्या चेहऱ्यावर सिटी चौकातल्या अत्तरवाल्याचे डोळे होते आणि पाटलाची तीन पोरं त्या डोळ्यांना भिऊन वागत होती. उस्ताद हसायचा नाही. ज्याचे डोळे घेतले त्याला सांगायचं नाही, ज्याला लावले त्याच्या घरी पुन्हा जायचं नाही, असे त्याचे दोन नियम. आणि तिसरा, तो फार गंभीरपणे सांगायचा: "घर की आँख घर में नक्को लगा, मल्हारी. बाकी कुछ बी कर."

मायचा फोटो काढायचं मल्हारीनं काय कमी मनावर घेतलं होतं? पण ती थांबली तर ना. उस्तादचा कॅमेरा मागून घेऊन तो देवगावला जायचा, ती मेंढरांमागं चाललेली असायची, काठी खांद्यावर आडवी. "मला हुबं राहायला येळ नाय बाबा," म्हणायची आणि पदर तोंडावर ओढून चालू लागायची. तिचा जिवंतपणीचा एकच फोटो त्याच्याकडं होता, पाठमोरा. त्यात माय कमी आणि मेंढरं जास्त. मग ती गेली, आणि लोकांच्या आया उशीला टेकवून धरणाऱ्या माणसांना 'जरा डावीकडं' सांगणारा मल्हारी स्वतःच्या मायसमोर उभा राहिला. खिडकी डावीकडं होती. फोटो काढताना हात थरथरला नाही, याची त्याला पुढं कितीतरी वर्षं लाज वाटत राहिली.

उस्तादचा डबा उघडून बसला, तर एकही जोडी मायच्या चेहऱ्यावर ठेववेना. ही गुलमंडीच्या कापडवाल्याची बायको, ही कुणी मास्तरीण. परक्या बाईनं मायच्या तोंडातून आपल्याकडं बघायचं? घरात विशीतली रत्नमाला होती, लग्नाला आठ महिने झालेली. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तिला मायचा फोटो काढला होता त्याच खिडकीशी बसवलं. "दुखात फोटू कामून?" तिनं विचारलं. "फॉर्मला लागतो," तो म्हणाला. ते पहिलं खोटं. रडून सुजलेले, पण सरळ बघणारे ते डोळे त्यानं आपल्या हातानं कापले आणि मायला लावले. कोवळे फार दिसत होते, म्हणून पेन्सिलीनं कडांना सुरकुत्या काढल्या, उजव्या डोळ्याला तीन, डाव्याला चार. उस्तादनं चष्मा वर करून फोटो बराच वेळ बघितला. त्याला कळलं. "मुर्दे की आँख खोलना आसान है बेटा," एवढंच म्हणाला, "फिर बंद करना नै होता." पुढचा महिनाभर तो मल्हारीशी कामापुरतंच बोलला.

फोटो लागला आणि माय घरात परत आली. नुसती आली नाही, कारभार पाहू लागली. जिवंतपणी ओसरीवर न टिकणारी बाई आता भिंतीवरून हलेना. हनुमान विहिरीचं ठरवायला देवगावहून यायचा तो तिच्यासमोर उभा राहायला. आणि रत्नमाला तर काय, रोज सकाळी अंघोळ करून दिवा लावायची, फोटो पुसायची आणि क्षणभर थांबायची. "आत्याबाईंनी जित्या असताना माझ्याकडं धड बघितलं नाय," एकदा म्हणाली होती, "आता मातर सारख्या बघत्यात." मल्हारी दाढी करत होता. गाल कापला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सुकेशनी सहा वर्षांची असताना हडकोतल्या अंगणवाडीवर बाई म्हणून रत्नमालाला बोलावणं आलं. बारावी झालेली, पोरांची आवड, घरापासून चार गल्ल्या. आठ दिवस ती हवेत होती. निळ्या काठाची साडी काढून इस्त्रीला टाकली. आणि नवव्या दिवशी सकाळी दिवा लावून फोटोसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली, आणि वळून म्हणाली, "नको. आत्याबाईंच्या मनात नाय." "कशावरून?" त्यानं विचारलं. "डोळ्यांत दिसतंय की. लई भ्याल्यावानी बघत्यात." तो तिच्या पाठीमागंच उभा होता. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं: अगं, ते तुझेच डोळे आहेत, तूच भ्यालीस. वाक्य ओठावर आलं आणि तिथंच बसलं. सांगितलं तर मायच जाते. हनुमानची जाते, आपलीही जाते. आणि खरं सांगायचं तर, बायको घरात राहील, डबा वेळेवर मिळेल, हेही त्या न सांगण्यात होतं. थोडं होतं, पण होतं. निळ्या काठाची साडी पेटीत गेली. पुढं सुकेशनी पुण्याला जायचं म्हणाली तेव्हा मात्र रत्नमाला फोटोसमोरून उजळल्या तोंडानं आली, "व्हय म्हणत्यात." त्या दिवशी मल्हारी स्टुडिओत शटर ओढून बराच वेळ बसून राहिला होता.

आता हे यंत्र आलं होतं. तीन आणि चार सुरकुत्या. त्यानं कॅमेऱ्यात साठवलेला रत्नमालाचा चेहरा मोठा करून बघितला आणि बघतच राहिला. उजव्या डोळ्याच्या कडेला तीन, डाव्याच्या चार. तेव्हा पेन्सिलीनं काढलेलं वय तिला आता खरोखर आलं होतं.

"अहो," स्वयंपाकघरातून रत्नमालाची हाक आली, "भामाबाईला माझं पिवळं दावा ना." हात पुसत ती बाहेर आली आणि नेमकी फोटोखाली जाऊन उभी राहिली. "बॅटरी उतरलीय," तो म्हणाला. "सकाळीच तर लावली व्हती." "जुनी हाय ती." नव्या कॅमेऱ्याची बॅटरी जुनी. रत्नमालाचं तोंड एवढंसं झालं. चेहरा पुसून टाकावा असं त्याच्या मनात आलं. दोन बटणं दाबायचा खेळ. पण ती उद्या पुन्हा विचारणार, परवा विचारणार. मग बुधवारी कॅमेरा स्टुडिओत राहिला, गुरुवारी मित्रानं नेला, शुक्रवारी कंपनीनं चेहऱ्याचं ते बंद केलं. आपल्याच घरात तो चोरासारखा कडेकडेनं वावरू लागला, आणि भिंतीवरून माय, म्हणजे रत्नमाला, म्हणजे माय, त्याच्याकडं बघत राहिली. शनिवारी रत्नमालानं विचारायचंच सोडून दिलं. ते सगळ्यात वाईट होतं.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. पोरंसोरं जास्त, प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी लटकलेलं. आधी दीपमाला बोलली, तान्ह्या बाळांचे फोटो काढणारी. आवाज नाही म्हणून तिचा जीव कॅमेऱ्यावर जडला होता, पोर झोपेतून दचकत नाही म्हणाली. गोकुळ हा आजकालचा, लग्नाआधीची जोडपी खुलताबादच्या डोंगरात घेऊन जाणारा. तो म्हणाला, मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या, अक्षता उडाल्या, तरी चौकोन नवरीला सोडत नाही, मात्र हळदीच्या पिवळ्याचा रंग जरा बिघडवतो आणि उन्हात लवकर तापतो. म्हातारा बन्सी, जन्मभर वर्तमानपत्रासाठी पळालेला, माईक हातात घेऊन म्हणाला, "मंगनीचा बैल, दात काय मोजायचे," आणि लोक हसले. मग मल्हारीची पाळी आली. समोर गोकुळचा मोबाईल काठीवर उभा होता. फोटोग्राफरांच्या संघटनेच्या पानावर सगळं थेट दिसत होतं, ज्याला हवं त्यानं घरबसल्या बघावं. मल्हारीनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

वजन, उजेड, सगळं तो नीट बोलला. तेवढ्यात कंपनीच्या माणसानं हसत विचारलं, "काका, चेहरा ओळखण्यात कुठं चुकला का?" नाही म्हणायचं आणि खाली बसायचं. एवढं सोपं होतं. पण आठवडाभर दाबून धरलं होतं, आणि कॅमेऱ्यावरच खापर फोडून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं. "चुकतो की," तो म्हणाला. "मेलेल्या माणसावर पिवळा होतो. चेहरा भरला बायकोचा, आणि धरतो भिंतीवरच्या मायला." हॉलमध्ये हशा पिकला. गोकुळ मात्र हसला नाही, कामाचा पोरगा. "काका, फोटोतला चेहरा तो धरतो, पण पांढरा. पिवळा धरला म्हणजे चेहरा जुळायला पाहिजे." कंपनीचा माणूसही पुढं सरकला, "रक्ताचं नातं असेल तर कधीकधी होतं. दोघींचं काय नातं?" "सासू-सून," मल्हारी म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला आपल्या पायाखालची सतरंजी सरकल्यासारखं वाटलं. बन्सीनं मान वळवली. सिटी चौकातला तो बोळ, तो बिस्किटाचा डबा बन्सीनं पाहिलेला होता. तो चहाच्या वेळी जवळ आला, कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "मल्हारी, त्या मशीनला कामून बदनाम केलं? नाय चुकली ती." आणि खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

उद्या सकाळी कॅमेरे गोळा करणार होते, त्यामुळं तो गळ्यात घेऊनच मल्हारी घरी आला. ऊन अजून होतं. दार नुसतं लोटलेलं. भिंतीवर फोटोच्या जागी पांढुरका चौकोन उरला होता, सत्तावीस वर्षं रंग न लागलेला. रत्नमाला खाली सतरंजीवर बसली होती, मांडीवर फोटो, शेजारी उघडा मोबाईल, त्यात दुपारचाच हॉल, आणि समोर कपाटाचा आरसा. हार काढून बाजूला ठेवला होता. एका तळव्यानं तिनं फोटोतलं नाकापासून खालचं तोंड झाकलं होतं, दुसऱ्यानं स्वतःचं. ती आरशात बघत होती, मग फोटोत, मग आरशात. मल्हारी चपला न काढता दारात उभा राहिला.

"फॉर्मला लागतो म्हणले व्हते तुम्ही," ती आरशाकडं बघतच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"व्हय."

"म्या त्या फॉर्मचं पुढं कवाच इचारलं नाय." तिनं तोंडावरचा हात काढला. फोटोवरचा तसाच राहू दिला. "रोज सकाळी पुसते म्या ह्यांना. पुसताना दम धरते, आत्याबाईला राग येईल म्हनून." मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. "अंगणवाडीच्या टायमाला नाय म्हणलं, ते कुणी मग?"

मल्हारीला उत्तर ठाऊक होतं. ते त्याला एकोणीस वर्षं ठाऊक होतं. तो उंबऱ्यात उभा राहिला, ना आत ना बाहेर, आणि कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या मानेला काचत राहिला. रडेल, बोलेल, फोटो आपटेल, काहीही करील, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. रत्नमाला उठली. पदरानं काच पुसली, हार घातला, आणि स्टुलावर चढून फोटो होता तिथं टांगला, जरा तिरका झालेला सरळही केला.

"हनुमान भाऊजींना कळू देऊ नका," ती म्हणाली. "त्यांना माय हाय ती." स्टुलावरून उतरून ती फोटोखाली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "उद्या द्यायचाय ना तुमचा कॅमेरा? काढा मग एक. आमच्या दोघींचा."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, कारण डोळ्याला काहीतरी लावायला मिळतंय याचंच त्याला बरं वाटलं. पिवळा चौकोन तिच्यावर बसला. मग उडून वर गेला, मायवर. पुन्हा खाली. पुन्हा वर. वर आणि खाली तेच डोळे त्याच्याकडं बघत होते, कडांना तीन आणि चार सुरकुत्या, आणि कंपनीच्या त्या हुशार यंत्राला यातली आपली कोणती ते ठरवता येत नव्हतं. त्यानं बटण दाबलं. आवाज झाला नाही. रत्नमाला तशीच उभी होती, खांदे ताठ, पापणी न लववता, जुन्या लोकांसारखा दम धरून.

"झालं का?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

फोटो कधीच निघाला होता. हो म्हटलं की ती सुटणार, पापणी मिटणार, श्वास सोडणार, आणि मग त्या प्रश्नाचं उत्तर मागणार.

"थांब, नाय अजून," मल्हारी म्हणाला.

आणि ती थांबली.